रिपोर्टात न लिहिलेली भाजी

माझ्या औषधाच्या दुकानात एक गोळी अशी होती, जी मी एकाच माणसासाठी मागवत असे. रक्त पातळ ठेवायची गोळी. नाशिकचा होलसेलवाला दर वेळी विचारायचा, "ताई, ही तिकडं कोण घेतं?" मी सांगायची, "आहे एकजण." ती एकजण म्हणजे वांगणीकडच्या एका पाड्यावरची सून, वय असेल चोवीस-पंचवीस. तिच्याबाबतीत माझ्या हातून जे घडलं, ते मी पुष्कळ वर्षं कुणाला नीट सांगितलं नव्हतं.

जव्हारला एसटी डेपोच्या उताराला आमचं दुकान होतं. नाशिकहून डी. फार्म. करून मी परत आले, तेव्हा एक बाई काउंटरमागे उभी राहून औषधं देते याचंच लोकांना नवल वाटायचं. वडील शाळामास्तर, त्यामुळे पहिली दोन वर्षं मी 'मास्तरांची मुलगी' होते. मग 'मेडिकलवाली बाय' झाले. सरकारी दवाखान्यातली तपासणी दुपारी एकला बंद व्हायची, लॅबचा कागद दोननंतर हातात यायचा, आणि खेड्यावर जाणारी गाडी तीनला सुटायची. मधल्या तासाभरात तो कागद घेऊन माणसं कुठं जाणार? माझ्याकडे यायची.

"बाय, काय लिव्हलंय यात?"

कॉलेजात आम्हाला मलम खलायला शिकवलं, अर्क गाळायला शिकवलं, वाळलेल्या पानावरून झाड ओळखायला शिकवलं. रिपोर्ट वाचायला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी दुकानात उभी राहून शिकले. हिमोग्लोबिन, लघवीतली साखर, काविळीचा आकडा, मलेरियाची काच. अडलं की दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारायचं. कागदावर एका बाजूला पेशंटचा आकडा असतो आणि दुसऱ्या बाजूला तो किती असायला हवा ते छापलेलं असतं. दोन्ही ताडून पाहिले की सगळं कळलं, असं वाटण्याचं माझं ते वय होतं.

ती पहिल्यांदा आली ती सासऱ्याबरोबर, थंडीच्या दिवसांत. सासरा हडकुळा, ताठ, पायात टायरच्या चपला. त्याने पिशवीतून पिशवी काढली, तिच्यातून आणखी एक पिशवी काढली, आणि तिच्यातून एक पिवळं कार्ड माझ्यासमोर ठेवलं. मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळाचं. हृदयाची झडप बदललेली, धातूची बसवलेली. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्याने झडप खराब होत गेली आणि मुलीच्या वेळच्या बाळंतपणात ते उघडकीस आलं. मुलगी वाचली, हीसुद्धा वाचली.

"आमच्या घरात घड्याळ नव्हतं," सासरा म्हणाला. "आता झालं."

मला कळेना. मग दुकानात जरा शांत झालं तेव्हा ऐकू आलं. तिच्या छातीतून बारीक टिकटिक येत होती. ती खाली बघून हसली आणि पदर घट्ट ओढून घेतला.

कार्डावर लिहिलं होतं, दोन मिलिग्रॅमची दीड गोळी रोज, जन्मभर. महिन्याला एक रक्ततपासणी. तपासणीचं नाव लांबलचक, पण शेवटी यायचा तो एक आकडा, आयएनआर. रक्त गोठायला नेहमीच्या माणसापेक्षा किती पट वेळ लागतो, हे तो सांगतो. तिचा आकडा अडीच ते साडेतीनमध्ये राहायला हवा होता. खाली गेला तर झडपेवर रक्ताची गुठळी धरणार, ती मेंदूत गेली तर अर्धं अंग लुळं. वर गेला तर कुठूनही रक्त वाहणार आणि थांबणार नाही. मी तिला सोप्या भाषेत सांगितलं. तिने विचारलं, "म्हंजे मधेच चालायचं. इकडं पण दरी, तिकडं पण दरी." मी म्हटलं, हो, असंच.

ती चौथीपर्यंत शिकलेली होती, आकडे वाचता यायचे. नवरा दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचा. पूर्वी तीही जायची. आता तिला जड काम नको म्हणून सांगितलेलं, त्यामुळे ती, सासरा आणि लहानगी मुलगी, तिघं पाड्यावर राहायची.

ती तपासणी जव्हारला होत नव्हती. आदल्या दिवशी वावर गावापर्यंत पायी, तिथून जीपने जव्हार, जव्हारात सासऱ्याच्या बहिणीकडे मुक्काम. सकाळच्या पहिल्या एसटीने मोखाडा, त्र्यंबक करत नाशिक. लॅबमध्ये रक्त द्यायचं, चारला रिपोर्ट घ्यायचा, तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचा, मिळेल त्या गाडीने परत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दुकानात गोळ्या घ्यायला यायची आणि रिपोर्ट आधी माझ्यापुढे ठेवायची. मी आकडा वाचायची. दोन पूर्णांक आठ. तीन. दोन पूर्णांक नऊ. थंडी गेली, उन्हाळा गेला, आकडा जागचा हलला नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा, जणू तो माझाच निकाल होता.

आषाढात रिपोर्ट आला, एक पूर्णांक सहा.

मी दोनदा वाचला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळी वाढवून दोन केली होती आणि खाली लाल शाईने लिहिलं होतं, औषध नियमित घेत नाही, समज द्यावी. ती काउंटरपाशी उभी होती, पावसाने पदर ओला झालेला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"वरडले."

"गोळ्या चुकतात का तुझ्या? खरं सांग."

"नाय. एकपण चुकवली नाय."

मी मान हलवली, पण माझा विश्वास बसला नाही. लावणीचे दिवस, सकाळपासून शेतात, नवरा घरी आलेला, पोर लहान. विसरत असणार आणि कबूल करायला लाजत असणार, असं मी धरून चालले. गोळी विसरणारी माणसं मी रोज बघत होते. मी तिला सांगितलं, पुढच्या वेळी रिकामी पानं घेऊन ये. आमच्याकडे गोळ्यांच्या पट्टीला पान म्हणतात.

श्रावणात ती आली. आकडा आणखी खाली, एक पूर्णांक चार. डॉक्टरांनी गोळी अडीच केली होती. या वेळी लाल शाई नव्हती. तिने सांगितलं की डॉक्टर म्हणाले, तुला जगायचं नसेल तर माझा वेळ कशाला घेतेस. हे सांगताना तिचा आवाज अगदी सपाट होता. मग तिने पिशवीतून रिकामी पानं काढली आणि काउंटरवर ओळीने मांडली. मी एकेक खळगा मोजला. हिशोब बरोबर होता. शेवटच्या पानात उरलेली अर्धी गोळीसुद्धा तिने कागदाच्या पुडीत बांधून आणली होती.

आणि तरीही मी विचारलं, "काढून टाकून तर देत नाहीस ना?"

हे वाक्य आठवलं की आजही मला तोंड लपवावंसं वाटतं. ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली नाही. "टाकून काय करू बाय?" ती म्हणाली. "मुंबईला दोन महिने पडून होते मी. बाबा तिथं जिन्याखाली झोपले. ते कशासाठी?"

सासरा बाहेर पायरीवर बसला होता, त्याने हे ऐकलं असणार. तो आत आला. हातातला पळसाच्या पानांत बांधलेला जुडगा त्याने काउंटरवर ठेवला. तो नेहमीच काहीतरी आणायचा. कधी कंटोळी, कधी काकडी. या वेळी कुरडूची आणि लोताची कोवळी भाजी होती.

"एवढं कशाला आणलंत बाबा?"

"दुसरं काय आणू? आता घरात हेच हाय. नागली संपत आली. भाकरी पातळ आन भाजी पोटभर. सकाळी हीच, सांजला हीच. नवं भात येस्तोवर असंच चालायचं."

ते गेले. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी भाजी घरी न्यायला पिशवीत भरत होते आणि हात थांबला. कॉलेजच्या पुस्तकात वाचलेलं काहीतरी मनात खुपत होतं. घरी जाऊन ट्रंकेतून औषधशास्त्राचं जुनं पुस्तक काढलं. त्या गोळीच्या प्रकरणात शेवटी बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. हिरव्या पालेभाज्यांत 'के' नावाचं जीवनसत्त्व असतं, ते रक्त गोठवायला मदत करतं आणि गोळीचा परिणाम कमी करतं.

मी तशीच जमिनीवर बसून राहिले. उन्हाळ्यात तिच्या ताटात डाळ, सुकट, मिरचीचा ठेचा. पाऊस पडला की शेवळं, मग लोत, टाकळा, कुरडू, माठ. दोन्ही वेळा, पोटभर. गोळी एका बाजूला ओढत होती आणि भाजी दुसऱ्या बाजूला. तिने एकही गोळी चुकवली नव्हती. ती पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती.

मला आनंद झाला. खरं म्हणजे लाज वाटायला हवी होती, पण आधी आनंदच झाला. नाशिकच्या डॉक्टरांना न सुचलेलं मला सुचलं होतं. दुसऱ्या दिवशी बाजाराचा वार होता. तिच्या पाड्यावरची माणसं बाजाराला येतात हे मला ठाऊक होतं, त्यांच्याकरवी मी निरोप धाडला की लगेच येऊन भेट. चौथ्या दिवशी ती आली. ताप आल्यासारखी दिसत होती, काहीतरी वाईट ऐकायला मिळणार म्हणून घाबरलेली.

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हटलं. "मीच तुझ्यावर संशय घेतला. भाजीमुळे होतंय हे." आणि तिला सगळं समजावून सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी विसरणार नाही. आजार बरा झाल्यावर होतो तसा आनंद नव्हता तो. आपण खोट्या नव्हतो, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याचा होता.

मग मी म्हटलं, "आजपासून पालेभाजी बंद. एक पानसुद्धा नको."

"मंग भाकरीसंगं काय खाऊ?"

"डाळ खा. सुकट खा. बटाटा आण."

"बरं," ती म्हणाली.

त्या 'बरं'च्या मागे काय होतं, ते मी तेव्हा विचारलं नाही. श्रावणात पाड्यावर डाळ कुठून येते, बटाटा कोण आणतं, हेही विचारलं नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे नाशिकला फोन केला नाही. डॉक्टरांना कळवायला हवं होतं की भाजी बंद केली आहे. त्यांनी गोळी दीडवरून अडीच केली होती ती भाजी चालू असताना. आता भाजी गेली आणि गोळी मात्र अडीचच राहिली. हे साधं गणित होतं. ते मला त्या दिवशी दिसलं नाही, कारण माझं उत्तर सापडल्याच्या खुशीत मी पुढचा प्रश्नच विचारला नव्हता.

साधारण अठरा-वीस दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास सासरा दुकानात आला. धापा टाकत होता.

"बाय, तिच्या दातातून रगत येतंय. कालपासून थांबत नाय."

"कुठे आहे ती?"

"स्टँडावर बसवलीय. चालवत नाय तिला."

मी दुकान तसंच उघडं टाकून धावले. ती बाकावर बसली होती, तोंडाला फडकं लावून. फडकं लाल. दंडावर, पोटऱ्यांवर निळेकाळे डाग, कुणी मारल्यासारखे. मी विचारलं, "पडलीस का?" तिने मान हलवली. नाही. मला सगळं एकदम कळलं.

आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तरुण होते, पण डोक्याने शांत. मी त्यांना अडखळत सगळं सांगितलं, माझ्या सल्ल्यासकट. ते मला काही बोलले नाहीत. गोळी तिथल्या तिथे बंद केली आणि नाशिकला फोन लावला. पलीकडच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी त्याच 'के' जीवनसत्त्वाचा अगदी थोडा डोस दिला. जास्त दिला असता तर रक्त फार घट्ट होऊन झडपेवर धरलं असतं. मग म्हणाले, हिला आजच नाशिकला हलवा, जीप मी बघतो.

मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांच्याबरोबर गेले. मोखाड्याच्या पुढे घाटात धुकं होतं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती, आणि जीपच्या आवाजातसुद्धा मला ती टिकटिक ऐकू येतेय असं वाटत होतं. सासरा पुढे ड्रायव्हरजवळ. सगळ्या रस्त्यात तो एकदाच बोलला. मागे न वळता म्हणाला, "तिनं तुमचं ऐकलं बाय. वीस दिस मीठ-भाकर खाल्ली. डाळ पोरीला दिली."

मी तिचं फडकं बदललं.

रिपोर्ट आला. आठ पूर्णांक दोन. एवढा आकडा मी तोवर पाहिला नव्हता आणि त्यानंतरही तिच्या कागदावर कधी पाहिला नाही.

नाशिकचे डॉक्टर पन्नाशीचे, भारदस्त. त्यांनी तिला तपासलं, डाग पाहिले, डोकं दुखतं का, दिसतं का नीट, हात वर होतात का, सगळं विचारलं. मग म्हणाले, "आकडा एवढा चढला कसा? काय केलंस? जास्त गोळ्या खाल्ल्यास?"

"नाय."

"मग?"

"भाजी बंद केली."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुनी नाय," ती म्हणाली. "मीच केली."

सासरा भिंतीकडे बघत उभा होता. तोही बोलणार नव्हता, हे मला दिसत होतं. ज्या मुलीला मी गोळ्या फेकतेस का म्हणून विचारलं होतं, ती माझ्यासाठी खोटं बोलत होती, आणि तेही ज्याने तिला खोटी ठरवलं होतं त्याच माणसासमोर.

"मी सांगितलं," मी म्हटलं. "जव्हारला माझं औषधाचं दुकान आहे. तिचा आकडा पावसाळ्यात उतरत होता, तो रानभाज्यांमुळे, असं माझ्या लक्षात आलं. मी तिला भाजी बंद करायला सांगितलं आणि तुम्हाला कळवलं नाही."

आता ओरडा बसणार म्हणून मी तयार होते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ ते तिचं कार्ड आणि जुन्या चिठ्ठ्या उलटसुलट करत होते. आषाढातली त्यांचीच लाल शाई, श्रावणात वाढवलेली गोळी.

"भाजी किती खाते ही?" त्यांनी शेवटी विचारलं.

सासऱ्याने दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. "एका टायमाला. दोन टाइम."

"पावसाळाभर?"

"पावसाळाभर. दुसरं काय नसतं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "कारण तुम्ही बरोबर शोधलंत. उपाय चुकलात. भाजी बंद करायची नसते. रोज सारखी ठेवायची असते, आणि त्या भाजीला पुरेल एवढी गोळी आपण ठरवायची. गोळी आपल्या हातात आहे, तिचं जेवण नाही." मग म्हणाले, "आणि मला फोन करायचा होता. माझं रागावणं ऐकून घ्यावं लागलं असतं, पण हे झालं नसतं."

मी मान खाली घातली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यांना जड जात होतं. "तू गोळ्या घेत होतीस," ते म्हणाले. "मी तुला विचारायला हवं होतं काय खातेस. विचारलं नाही."

तिने फडकं पुन्हा तोंडाला लावलं. तिला त्या दिवशी बोलायची ताकदही नव्हती.

चार दिवस तिला तिथे ठेवलं. रक्त थांबलं, डाग पिवळे पडत गेले. मी दुसऱ्या दिवशी परतले आणि तिला घरी सोडायच्या दिवशी पुन्हा गेले. परतीच्या एसटीत आम्ही दोघी शेजारी बसलो, सासरा मागच्या बाकावर. त्र्यंबक मागे पडल्यावर मी तिला म्हटलं, "माझं चुकलं. दोनदा चुकलं. आधी तुझं खरं मानलं नाही, आणि मग तुला काय परवडतं ते न विचारता सांगून मोकळी झाले."

ती खिडकीबाहेर बघत होती. "तुमी कारण शोधलं ना," ती म्हणाली. "बाकी कुनी शोधलं नाय."

"पण तू खोटं का बोललीस डॉक्टरांपुढे?"

"ते वरडतात," ती म्हणाली. "मला सवय हाय."

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "रोज सारखी म्हंजे उन्हाळ्यात पण?"

तो प्रश्न मला पडला नव्हता आणि बहुधा डॉक्टरांनाही नाही. उन्हाळ्यात डोंगरावर हिरवं पान कुठून आणायचं? मी म्हटलं, "उन्हाळ्यात मिळत नाही, तर गोळी कमी करू. ऋतूप्रमाणे बदलत राहू."

"आमी भाजी सुकवतो," ती म्हणाली. "कुरडू, माठ. उन्हात वाळवून मडक्यात भरतो. थोडी जास्त सुकवीन. पावसात एक ओंजळ खाईन, उन्हाळ्यात सुकी एक मूठ. चालेल?"

मी म्हटलं, विचारते. या वेळी खरंच विचारलं. जव्हारला उतरल्यावर टेलिफोन बूथवरून नाशिकला फोन केला. डॉक्टर म्हणाले, "हे तिला सुचलं?" म्हणाले, करून बघू, मात्र पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी तपासायचं. वाळवलेल्या भाजीत ते जीवनसत्त्व किती उरतं हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. आकडाच सांगेल, म्हणाले.

आकडा एकदम वळणावर आला नाही. दिवाळीपर्यंत खाली-वर होत राहिला. एकदा दोन पूर्णांक एक, एकदा चारच्या वर. एकदा बाजारातून आणलेली अंगदुखीची गोळी तिने खाल्ली होती, ते विचारल्यावर कळलं. मी एक वही केली. रिपोर्टचा आकडा लिहायचा आणि त्याच्या समोर, भाजी किती, ताप आला होता का, दुसरं औषध घेतलं का, उपास केला का. ती उत्तरं द्यायची आणि मी लिहायची. फेब्रुवारीपासून आकडा अडीच-तीनच्या आसपास राहू लागला. गोळी दोनवर ठरली. पुढच्या पावसाळ्यात मी जीव मुठीत धरून रिपोर्ट उघडला. दोन पूर्णांक सहा.

तिच्यामुळे माझी सवय बदलली. कुणी कागद पुढे केला की मी आधी माणसाला विचारू लागले, काय खाता, कुठं कामाला जाता, आणखी कुठली औषधं चालू आहेत, आणि मग आकड्याकडे बघायची. लोकांना ते विचित्र वाटायचं. एक गुरुजी चिडून म्हणाले होते, "बाई, साखर किती ते सांगा, माझ्या जेवणाची चौकशी कशाला?" मी तरीही विचारलं. आणि ज्यातलं मला कळत नव्हतं, ते मला कळत नाही असं सांगायला शिकले. डॉक्टरांना फोन करायचा संकोच गेला.

ती पुढे पाड्यावरच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. काम हलकं होतं, महिन्याचे थोडे पैसे मिळायचे. दुसरं मूल होऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, कारण गोळी पोटातल्या बाळाला घातक. यावरून घरात बोलणी झाली, नवऱ्याकडच्या काही जणांनी दुसरं लग्न सुचवलं. सासऱ्याने भर बैठकीत सांगितलं की ही माझी सून आहे आणि मला नात आहे, मला आणखी काही नको. हे मला तिने सांगितलं नाही, सासऱ्याच्या बहिणीने सांगितलं.

सासरा पुढे थकला, त्याला जव्हारपर्यंत येववेना. मग ती एकटीच येऊ लागली, कधी मुलीला घेऊन. तोवर जव्हारात एक नवी लॅब निघाली होती आणि तिथे ही तपासणी होऊ लागली. नाशिकची फेरी वाचली म्हणून मी तिला तिकडे पाठवलं. तासाभराने ती परत आली, हातात रिपोर्ट, मागे लॅबवाला.

"बाय, यात माझा आकडा नाय," ती म्हणाली.

मी कागद पाहिला. त्यावर रक्त गोठायला लागलेले सेकंद होते, तुलनेचे सेकंद होते, पण आयएनआर काढलेलाच नव्हता. लॅबवाला म्हणाला, "मॅडम, सेकंदावरून कळतं ना डॉक्टरांना."

"सेकंद दर लॅबमधी बदलतात," ती त्याला म्हणाली. "प्रत्येकाचं रक्त तपासायचं औषध वेगळं असतं. त्याचा हिशोब करून आकडा काढायचा असतो. तुमच्या बाटलीवर लिव्हलेलं असेल."

हे मी तिला कधीतरी, वही भरता भरता सांगितलं होतं. लॅबवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहत राहिले. तो परत गेला, बाटलीवरचा अंक शोधून हिशोब करून नवा कागद घेऊन आला. तिने तो आधी स्वतः वाचला, मान डोलावली आणि मग माझ्यापुढे ठेवला. दोन पूर्णांक नऊ.

ती तीनची गाडी पकडायला निघाली. जाताना तिने लॅबवाल्याला विचारलं, पुढच्या वेळी किती वाजता आलं की रिपोर्ट लवकर मिळेल. तो म्हणाला, "दहाच्या आत या ताई, मी थांबतो."